थेरपिस्ट बदलू, की पद्धत बदलू?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न वारंवार दिसतो. मदत घ्यावी की नाही, याविषयी पत्रलेखकांच्या मनात आता शंका नसते. ती कोणाकडून आणि कोणत्या प्रकारची घ्यावी, येथे गाडी अडते. मुंबई-ठाण्यासारख्या ठिकाणी नावांची वाण नाही, आणि बहुधा म्हणूनच निवड अधिक अवघड होते. अशी तीन पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून मूळची सांगलीकडची आहे. लग्नानंतर डोंबिवलीत राहते आणि फोर्टमध्ये नोकरी करते. दीड वर्षापूर्वी वडील गेले; त्यांना शेवटचे भेटायला मला उशीर झाला. त्यानंतर काही महिन्यांनी लोकलमध्ये छातीत धडधड होणे, श्वास न पुरणे, आता आपले काही खरे नाही असे वाटणे सुरू झाले. कित्येकदा ठाण्याला उतरून फलाटावरील बाकावर बसून राहते आणि घरी परतते. नुसती घुसमट होते. आतापर्यंत दोन थेरपिस्ट झाले. पहिल्या बाई दर आठवड्याला तक्ते भरायला देत. ते अपुरे राहिले की गृहपाठ न केलेल्या मुलीसारखे वाटे, म्हणून चार वेळा जाऊन थांबले. दुसरे गृहस्थ ऑनलाइन होते. ते फारसे बोलतच नसत. घर दोन खोल्यांचे आणि घरी सासूबाई असल्याने ती सत्रे मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून घेतली. दोघांशीही बोलणे इंग्रजीतून होई. सीबीटी, आरईबीटी, सायकोडायनॅमिक, ईएमडीआर ही नावे वाचून गोंधळ वाढला आहे. माझ्यासाठी यांतील योग्य पद्धत कोणती?

उत्तर : आपल्या पत्रात वैद्यकीय तपासणीचा उल्लेख नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो. धडधड आणि दम लागणे ही लक्षणे थायरॉइडच्या विकारात, रक्त कमी असताना आणि हृदयाच्या ठोक्यांच्या काही तक्रारींतही दिसतात. नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. तेथे काही निघाले नाही, तर आपण वर्णन केलेले झटके हे ज्याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात त्याच्याशी बरेच जुळतात.

आता त्या दोघांकडे वळू. पहिल्या बाई बहुधा सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी पद्धत, वापरीत होत्या. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली, आणि पॅनिकसाठी तिचा अभ्यास भरपूर झालेला आहे. साधारण १२ ते १६ सत्रांत तिचे काम आटोपू शकते. मात्र तक्ता हे तिचे केवळ एक साधन आहे. पॅनिकमध्ये माणूस धडधडीला घाबरतो, घाबरल्याने धडधड वाढते, आणि ठाण्याला उतरल्याबरोबर जो हायसे वाटण्याचा अनुभव येतो तोच मनाला शिकवतो की उतरलो म्हणून वाचलो. हे चक्र तोडण्यासाठी थेरपिस्ट आपल्याला खोलीतच मिनिटभर जलद श्वास घ्यायला लावून तीच धडधड मुद्दाम निर्माण करतात आणि ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायला शिकवतात. त्यानंतर दुपारच्या रिकाम्या धीम्या लोकलने डोंबिवली ते कोपर, एवढेच एक स्टेशन. ते जमले की दिवा, मग मुंब्रा, कळवा, ठाणे. आणि धडधड सुरू असतानाही ठरलेल्या स्टेशनाच्या आधी उतरायचे नाही. खरा उपचार येथे असतो. आपण तक्त्यांपाशीच थांबलात, ही त्या पद्धतीची अर्धी ओळख झाली.

दुसऱ्या गृहस्थांचे मौन हेदेखील काही पद्धतींत जाणीवपूर्वक पाळले जाते. सायकोडायनॅमिक, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेल्या गोष्टींचा शोध घेणाऱ्या, धाटणीच्या कामात थेरपिस्ट कमी बोलतो, कारण आपल्या मनात जे उमटेल त्याला जागा मिळावी असा त्यामागे हेतू असतो. वडिलांच्या जाण्याचा आणि या झटक्यांचा काही संबंध आहे का, हे अशा संथ संवादातून कळू शकते. परंतु एक कान जिन्याकडे लावून, टाकीमागे उकिडवे बसून त्या मौनाचा उपयोग कसा होणार? शिवाय ते गप्प का आहेत हे त्यांनी आपल्याला सांगितलेले दिसत नाही, आणि मला तो त्यांचा दोष वाटतो.

उरलेल्या नावांविषयी थोडक्यात. आरईबीटी ही अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास सुरू केलेली पद्धत मराठी वाचकांना ‘विवेकनिष्ठ’ या विशेषणासह परिचित आहे, कारण मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली. ‘असे घडताच कामा नये’, ‘हे मला सहनच होणार नाही’ या आपल्या हट्टी आग्रहांवर ती बोट ठेवते. सीबीटीची ती थोरली बहीणच म्हणता येईल. ईएमडीआर ही डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी पद्धत मुख्यतः आघाताच्या आठवणींसाठी आहे. वडिलांच्या अखेरच्या क्षणांची दृश्ये आपल्याला जागेपणी वा झोपेत पुन्हा पुन्हा दिसत असतील, तरच तिचा विचार करावा. पत्रावरून तसे वाटत नाही.

पद्धतीच्या नावापेक्षा मी एका वेगळ्या गोष्टीला अधिक वजन देतो. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातील नात्याचे तीन धागे सांगितले होते : कुठे पोहोचायचे यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. आपल्या दोन्ही अनुभवांत तिसऱ्या धाग्यापर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही, कारण पहिले दोन कोणी बांधलेच नव्हते. तक्ता कशासाठी, हे आपण विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

म्हणून तिसरे नाव शोधण्यापूर्वी पहिल्या बाईंना एकदा फोन करावा, असे मी सुचवेन. हे आपल्याला कदाचित रुचणार नाही. “तक्ते भरताना मला शाळेत असल्यासारखे वाटले, म्हणून मी येणे बंद केले, पण मला लोकलने ऑफिसला जायचे आहे, आणि ते तक्ते त्यासाठी कसे उपयोगी पडतात ते समजून घ्यायचे आहे,” एवढे सांगावे. चांगला थेरपिस्ट हे ऐकून दुखावत नाही. त्याला काम कुठे अडले ते कळते. त्या सारवासारव करू लागल्या, किंवा ‘तुम्हीच मेहनत घेतली नाहीत’ असा सूर लागला, तर मात्र निःशंकपणे दुसरीकडे जावे.

नव्या व्यक्तीकडे जायचे ठरले तर पहिल्याच फोनवर त्यांचे शिक्षण, पॅनिकच्या तक्रारीसाठी त्या काय करतात, साधारण किती सत्रे लागतील, फी किती आणि सत्र रद्द केल्यास ती द्यावी लागते का, हे विचारावे. असे विचारणे उद्धटपणाचे नाही. साडीच्या दुकानात आपण पोत पाहतो, भाव विचारतो आणि न आवडल्यास घडी मोडायला लावूनही उठतो. येथे मात्र फी देऊनही अपराधी वाटते. चौथ्या सत्राअखेर ‘आम्ही दोघे मिळून अमुक एका गोष्टीवर काम करीत आहोत’ हे आपल्याला घरातल्या माणसाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. बरे वाटू लागणे तोवर अपेक्षित नाही, पण हे वाक्य जमायला हवे.

भाषेचा मुद्दा आपण जाता जाता लिहिला आहे; मला तो मोठा वाटतो. आपल्या पत्रात एके ठिकाणी ‘घुसमट’ हा शब्द येतो. तो इंग्रजीत सांगताना आपण काय म्हणत होता? बहुधा ‘अँग्झायटी’, आणि त्या शब्दाबरोबर सासूबाई, दोन खोल्यांचे घर, वडिलांना शेवटचे भेटायला झालेला उशीर, हे सगळे गाळले गेले असणार. ठाणे, डोंबिवली, दादर या भागांत मराठीतून काम करणारे मानसशास्त्रज्ञ मिळणे अवघड नाही. अर्थात याच्या उलटही घडते. शरीरसंबंधांविषयी किंवा घरातील हिंसेविषयी बोलताना काहींना परकी भाषाच सोयीची वाटते, कारण ती थोडे अंतर राखू देते. मिसळून बोलण्याचीही मुभा असावी.

शक्यतो डोंबिवलीत किंवा ठाण्यात, प्रत्यक्ष खोलीत बसून उपचार घ्यावेत. वांद्र्यातील नावाजलेली व्यक्ती कितीही चांगली असली तरी दर आठवड्याचा तो प्रवास पहिल्या पावसातच बंद पडतो.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. हात धूत राहणे, गॅसची कळ पुन्हा पुन्हा पाहणे यांत त्याचे रोजचे दोन-तीन तास जातात. गेले १४ महिने तो ठाण्यातील एका थेरपिस्टकडे जातो. तेथे बालपणाविषयी बोलणे होते असे तो सांगतो. फरक दिसत नाही. फी मी भरतो, पण मी फोन केला तर ते काहीही सांगायला नकार देतात. हे गृहस्थ पात्र आहेत की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : साहेब, ते आपल्याला काही सांगत नाहीत, ही त्यांच्या बाजूची जमेची गोष्ट आहे. मुलगा सज्ञान आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे अपवाद वगळता, फी कोण भरते याने तो हक्क बदलत नाही. मुलाची तयारी असेल तर त्याच्या उपस्थितीत एक एकत्र सत्र मागता येते, आणि या विकारात ते मागावेच.

वरच्या उत्तरात मी पद्धतीच्या नावाला फार वजन देऊ नये असे म्हटले. आपल्या मुलाच्या बाबतीत ते लागू नाही. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणत आले आहेत, तो ओसीडी हा विकार मोघम गप्पांनी हटत नाही. त्यासाठी ईआरपी नावाची नेमकी पद्धत आहे : कळ एकदाच पाहून घराबाहेर पडायचे, मनात उसळणारी अस्वस्थता सहन करायची आणि परत येऊन खात्री करायची नाही, अशा पायऱ्या थेरपिस्टबरोबर ठरवून चढत जायच्या असतात. बालपण निषिद्ध नाही, पण १४ महिन्यांत या पद्धतीचा उच्चारही झाला नसेल तर आता थांबू नये. त्रास रोज दोन-तीन तासांचा असल्याने मनोविकारतज्ज्ञांकडून औषधांविषयीही मत घ्यावे. औषधे आणि ईआरपी एकत्र चालू शकतात.

पात्रतेविषयी. आपल्या पाट्यांवरील ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द कोणासाठीही वापरला जातो आणि ‘थेरपिस्ट’ तर कोणीही लावू शकतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीपीएम यांसारखी पदवी वा पदविका घेतलेले डॉक्टर. औषधे तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर बहुधा दोन वर्षांचे एमफिल केलेले आणि १९९२च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले. त्यांना नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारता येतो. समुपदेशकांसाठी असे कडक कुंपण आजवर नव्हते. २०२१ च्या कायद्याने त्यांना एका व्यवस्थेत आणले असले तरी तिची घडी अजून बसायची आहे. उत्तम समुपदेशक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण ओसीडीसाठी ईआरपीचे रीतसर प्रशिक्षण झाले आहे का, हा प्रश्न पदवी पाहूनही विचारावाच लागतो.

आणखी एक, आपण विचारले नसताना. रात्री मुलगा “बाबा, गॅस बंद आहे ना?” असे विचारतो तेव्हा आपण “बंद आहे रे” म्हणत असाल, कदाचित दहा-दहा वेळा. मायेपोटी दिलेले ते उत्तर हात धुण्याइतकेच विकाराला खतपाणी घालते. ते एकाएकी बंद करू नये. कसे कमी करायचे हे एकत्र सत्रात ठरवून घ्यावे.

प्रश्न : मी २१ वर्षांची विद्यार्थिनी, मुंबईत वसतिगृहात राहते. मन सतत उदास असते, अभ्यास होत नाही. चौकशी केली तेथे एका सत्राचे १,५०० रुपये सांगितले. घरी सांगू शकत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या महाविद्यालयात समुपदेशक असतील तर सुरुवात तेथून करावी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवरून प्रशिक्षित समुपदेशकांशी विनामूल्य बोलण्याची सोय देते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर हे पत्र येथेच ठेवून आधी तो फोन करावा आणि वसतिगृहातील एका तरी व्यक्तीला सांगावे.

परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि भायखळ्याचे जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि तेथील खर्च खासगीच्या मानाने नगण्य असतो. रांग असते, पहिली भेट डॉक्टरांशी आणि थोडक्यात होते, आणि तासभर निवांत बोलणे पहिल्याच दिवशी मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. मात्र उदासीची पातळी किती आहे, औषधांची गरज आहे का, हे तेथे नीट ठरते आणि गरजेप्रमाणे मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतात. खासगी व्यवसाय करणारे अनेक जण विद्यार्थ्यांसाठी काही जागा कमी फीत ठेवतात, पण त्याची पाटी लावत नाहीत; “मला ५०० पर्यंत जमेल, आपल्याकडे सोय आहे का?” असे थेट विचारावे. आठवड्याऐवजी पंधरवड्याने सत्र घेण्याचीही सोय होऊ शकते. रुग्णालयात जाताना सकाळी लवकर निघावे, आणि झोप, भूक व अभ्यास यांत केव्हापासून काय बदलले, ते आठ-दहा ओळींत लिहून न्यावे. आत गेल्यावर बोलायचे शब्द अडले तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवता येतो.