वाचकांचे प्रश्न : स्किमर कधी उतू जातो, कधी रुसतो

प्रश्न : खाऱ्या पाण्याची 200 लिटरची टाकी आहे. खाली सम्पमध्ये (कप्पे केलेल्या जोडटाकीत), पाणी वर टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाशेजारी, महिनाभरापूर्वी प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र) बसवला. पाण्याची भर घातली की कप तासाभरात पातळ पाण्याने भरून सांडतो. तीन दिवसांनी फेस कपापर्यंत चढतच नाही. स्किमर बदलू का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : बदलू नका, त्याची जागा चुकली आहे. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा मुख्य टाकीची पातळी हलत नाही, घट दिसते ती परतीच्या पंपाच्या कप्प्यात. हा कप्पा 30 बाय 25 सेंटिमीटरचा असेल, तर 6 लिटर पाणी उडाल्यावर पातळी 8 सेंटिमीटर खाली जाते. स्किमरला दोन सेंटिमीटरचा फरकही जाणवतो. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावत असाल तर विचारूच नका. पावसाळ्यात हवा दमट, पाणी कमी उडतं, तेव्हा हाच स्किमर शहाण्यासारखा वागेल आणि तुम्हाला वाटेल, सुधारला!

वरून पाणी उतरतं त्या पहिल्या कप्प्यात तो हलवा. तिथली पातळी दोन कप्प्यांमधल्या काचेच्या उंचीवर ठरते आणि कायम राहते. स्किमर किती खोल पाण्यात हवा ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. बऱ्याच मॉडेलांना 15 ते 20 सेंटिमीटर लागतात. पाणी जास्त खोल असेल तर खाली अॅक्रिलिकचा पाट द्या. पहिल्या कप्प्यात तो मावतच नसेल, तर परतीच्या कप्प्याला फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी घटली की उघडणारा तरंगता व्हॉल्व्ह) लावून भर आपोआप पडू द्या. भर साध्या आरओ-डीआय पाण्याचीच (म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या). मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी घातलंत तर खारटपणा चढत जाईल.

मग स्किमरमधून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह जुळवा. फेस कपाच्या मानेपाशी येऊन फुटला पाहिजे. पातळ पाणी चढत असेल तर व्हॉल्व्ह थोडा उघडा, आणि एक दिवस हात लावू नका. दर तासाला पिळत बसणाऱ्याला नीट जागा कधीच सापडत नाही.

इतकं करूनही फेस मंद असेल तर हवेची नळी तपासा. तिच्या तोंडाशी मिठाचे खडे जमून बुडबुडे कमी होतात. पंप चालू ठेवून नळीचं टोक ग्लासभर कोमट आरओ पाण्यात बुडवा. ओढलेलं पाणी मीठ विरघळवून नेतं. मानेतला चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसा. साबण मात्र वर्ज्य. त्याचा अंश राहिला तरी फेस आवरत नाही. पाण्यातलं क्लोरीन घालवायच्या काही औषधांनीही तेच होतं.

प्रश्न : पाणी बदलायला जुहूच्या समुद्राचं पाणी चालेल? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : नको. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं, पावसाळ्यात खारटपणाही घटतो. स्किमर त्यातला अमोनिया किंवा धातू काढत नाही. आरओ-डीआय पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ घाला, रात्रभर पंपाने ढवळा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग, आलं की वापरा.