सेवेची यादी लावताना

ताई, सलाम. चर्चच्या उपासनेतल्या सेवेकऱ्यांची यादी लावायचं काम तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. घाबरू नकोस. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

१. नावांआधी सण मांड. नाताळची तारीख पक्की, पण ईस्टर सरकतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे. म्हणजे 21 ला झावळ्यांचा रविवार (पाम संडे), 26 ला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). गायनाचा सराव नेमका दहावी-बारावीच्या धांदलीत येतो, तेव्हा मुलांच्या घरी जानेवारीतच विचारून ठेव.

२. आधी फोन, मग नाव. न विचारता ग्रुपवर यादी टाकणं ही नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक. मीही केली होती, आणि शास्त्रवाचन (उपासनेतलं बायबल वाचन) करणारे एक काका दुखावले. यादी तीन महिन्यांची कर, वर्षाची नको.

३. प्रत्येक कामाला एक राखीव माणूस. पावसाळ्यात तर हवाच. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपल्या कोल्हापूरबाहेर शिरोलीजवळ हायवेच बंद होता. पंचगंगेपलीकडचा माणूस येणार कसा? राखीव माणूस शहरातलाच धर.

आणि जो लगेच 'हो' म्हणतो, त्यालाच दर रविवारी जुंपू नकोस. महिन्यातून दोनदा पुरे. अ‍ॅप वगैरे नंतर बघू, आत्ता एक वही बास.