गिट्टीचा प्रोजेक्ट घ्यावा का?

प्रश्न : मुलगा नागपुरात बी.ई. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. रुळाखालच्या गिट्टीत जिओग्रिड (प्लास्टिकची मजबूत जाळी) टाकून लॅबमध्ये तिची ताकद तपासायची, असा प्रोजेक्ट त्याला मिळालाय. मित्र सॉफ्टवेअरवर काम करताहेत आणि हा वर्षभर दगड चाळणार. नोकरीला उपयोग होईल का?
– एक पालक, मानेवाडा

उत्तर : नमस्कार. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं असेल तर नाही. आरआरबीची (रेल्वे भरती मंडळाची) परीक्षा संगणकावर होते, मुलाखत नसते, तिथे प्रोजेक्ट कुणी विचारत नाही. मटेरियल टेस्टिंग लॅब, जिओसिंथेटिक्स (अशा जाळ्या, कापडं बनवणाऱ्या) कंपन्या, ट्रॅकचे कंत्राटदार यांच्याकडे जायचं असेल किंवा गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन जिओटेक्निकलला (माती-खडकाच्या इंजिनिअरिंगला) एम.टेक. करायचं असेल, तर मात्र जरूर. पण चाचणी धड झालेली हवी, आणि गाडं नेमकं तिथेच अडतं.

पहिली अडचण शिअर बॉक्सची. हा दोन भागांचा डबा; त्यात माल भरून वरून दाब देतात, एक भाग दुसऱ्यावरून सरकवतात आणि त्याला किती जोर लागतो ते मोजतात. कॉलेजात मातीसाठी असतो तो 60 मिमीचा. रेल्वेच्या गिट्टीत 40 मिमीच्या चाळणीवरच 40 ते 60 टक्के माल राहतो, म्हणजे दोन दगडांत डबा भरला! निदान 300 × 300 मिमीचा, 200 मिमी उंचीचा बॉक्स हवा. खरं तर 65 मिमीच्या दगडाला तोही अपुरा. दगड भिंतींना अडकून ताकद फुगवून दाखवतात. म्हणून लहान-मोठ्या दगडांचं प्रमाण तेच ठेवून गिट्टी निम्म्या आकाराची घेतात. इथे बहुतेक मुलं फसतात: गिट्टी लहान करतात, जिओग्रिड मात्र बाजारातलं तसंच ठेवतात. जाळीचं भोक दगडाच्या सरासरी आकाराच्या साधारण 1.15 ते 1.3 पट असलं की दगड नीट गुंततो. 40 मिमीला 46 ते 52 मिमी. 20 मिमीला 23 ते 26. भोक फार बारीक असलं तर दगड जाळीवरून घसरतो आणि ताकद साध्या गिट्टीपेक्षाही कमी येते.

एका नमुन्याला सुमारे 28 किलो गिट्टी लागते. 25, 50, 75 केपीए (किलोपास्कल) असे तीन दाब, जिओग्रिडसह आणि त्याविना, प्रत्येक दोनदा: बारा चाचण्या, जवळपास साडेतीनशे किलो. एकदा वापरलेला माल परत घ्यायचा नाही, कारण त्याचे कोपरे झिजलेले असतात. 75 केपीए म्हणजे बॉक्सवर सुमारे 690 किलोचा भार; लोडिंग फ्रेम तेवढा पेलते का, ते आधी बघा. गिट्टी ठोकून बसवताना मध्ये रबरी पॅड ठेवायचा, नाहीतर गिट्टी बॉक्समध्येच फुटते. चाचणीआधी आणि नंतरही चाळायची. किती दगड फुटला ते त्यातूनच कळतं.

सरकवण्याचा वेग मिनिटाला 1 मिमी. जिओग्रिड दोन अर्ध्या भागांच्या मध्ये, खालच्या बॉक्सला घट्ट क्लॅम्प केलेलं. क्लॅम्प ढिला राहिला की मोजमाप जाळी घसरण्याचं होतं, गिट्टीचं नाही. सरकताना दगड एकमेकांवर चढून गिट्टी फुगते आणि वरची प्लेट तिरकी होते, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर प्लेट किती उचलली ते मोजणारे दोन डायल गेज लावा. बॉक्सचे दोन्ही भाग सारख्याच मापाचे असतील तर 36 मिमी सरकल्यावर संपर्काचं क्षेत्रफळ 12 टक्के घटतं. ती दुरुस्ती आलेखात हवीच.

मुलाला गाइडकडे पाठवून 300 मिमीचा बॉक्स मिळेल का, एवढं आधी विचारायला सांगा. मिळणार नसेल तर विषय बदलून घ्यावा. 60 मिमीच्या डब्यातल्या निकालाला मुलाखतीत कुणी भीक घालणार नाही. बॉक्स मिळाला तर जिओग्रिड मागवण्याआधी गिट्टी चाळून सरासरी आकार काढायचा.