पिन काळी का पडते? वाचकांचे प्रश्न, वायरमनची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं की प्लग, लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा), कनेक्टर याबद्दल काही असेल तर विचारा, आणि पत्रं आली ती बहुतेक एकाच चालीची, "किती अँपिअरचा घेऊ?" अँपिअर बघायचेच, पण माझ्या तीस वर्षांत कमी अँपिअरमुळे जळालेले कनेक्टर थोडे बघितलेत, ढिले राहून जळालेले मात्र पोतंभर.

प्रश्न : गिझर २००० वॉटचा आहे. १६ अँपिअरचा प्लग वर्षात दोनदा बदलला तरी पिन काळी पडते, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. अजून भारीतला प्लग घेऊ का? (एक गृहिणी, नाशिक)

ताई, प्लग बिचारा दोनदा फुकट बळी गेला. २००० भागिले २३० म्हणजे साधारण ८.७ अँपिअर, १६ च्या प्लगला हे काहीच नाही. खोट बहुतेक सॉकेटमध्ये आहे. आतल्या पितळी पाकळ्या एकदा चांगल्या तापल्या की त्यांचा ताण जातो, मग त्या पिनेला घट्ट धरत नाहीत आणि तिथे थोडा रेझिस्टन्स तयार होतो. थोडा म्हणजे समजा ०.२ ओहम, तर ८.७ चा वर्ग गुणिले ०.२ म्हणजे १५ वॉट उष्णता, तीही एवढ्याशा पिनेवर. मोबाईल दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते, यावरून अंदाज घ्या. नवा प्लग जुन्या सॉकेटात घातला की नवी पिनपण काळी होणार, आणि ती काळी पिन उद्या नव्या सॉकेटात घातली की तोही जाणार, म्हणून बदलायचे तर दोन्ही एकदम.

मेन बंद करून सॉकेट खोलाल तेव्हा वायरपण बघून घ्या. वरचं रबर कडक झालं असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, आणि २.५ स्क्वेअर एमएमच्या खालची वायर असेल तर ती लाईनच बदलून घ्या, गिझरला मी स्वतः ४ ची टाकतो. बरेच जण तारांचं टोक सोल्डरने कडक करून स्क्रूखाली देतात, दिसायला फार छान, पण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा महिन्यांनी स्क्रू ढिला. त्यापेक्षा पिन टाईप लग क्रिम्प करून, म्हणजे टूलने दाबून बसवून द्या. आणि हो, १६ ची पिन ६ च्या सॉकेटात घालायचा तो कन्व्हर्टर घरात असला तर गिझर, इस्त्रीपासून लांब ठेवा. अर्थिंगची मोठी पिन सॉकेटात जात नाही म्हणून कापणारेही मी बघितलेत. ती लांब ठेवलीय कारण अर्थिंग सगळ्यात आधी लागावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं, शोभेला नाही ठेवलेली!

प्रश्न : शेतात सोलर पंप आहे. पॅनलच्या वायरचा काळा कनेक्टर वितळला. गावात बाजारात तसाच मिळतोय, लावू का? (शेतकरी, जालना जिल्हा)

दादा, तो एमसी-४. मल्टी-कॉन्टॅक्ट नावाच्या कंपनीवरून एमसी आणि आतली पिन ४ मिलिमीटरची म्हणून ४. आता दहा कंपन्या तसाच बनवतात आणि एकाचा नर दुसऱ्याच्या मादीत टक्कन बसतोसुद्धा, इथेच फसायला होतं, कारण आतली मापं केसभर इकडेतिकडे असतात आणि उन्हात रोज गरम-थंड होऊन ती पकड सुटते. म्हणून एकट्या बाजूचा नका आणू, जोडी एकाच कंपनीची आणा आणि दोन्ही बाजू बदला. पक्कडीने दाबलेला तर अजिबात नको, एमसी-४ चं क्रिम्पिंग टूल वेगळं येतं, सोलरवाल्याकडून अर्ध्या तासाचं मागून आणा.

दुसरं, पंप चालू असताना तो कनेक्टर ओढायचा नाही म्हणजे नाही. सात पॅनल सिरीजमध्ये, एकेकाचे ४० व्होल्ट धरले तर २८० व्होल्ट डीसी झाले. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझायला मदत होते, डीसीला शून्यच नाही, ठिणगी ताणली जाते आणि जळतच राहते. आधी डीसी आयसोलेटर (पॅनलची लाईन तोडायचा स्विच) बंद, मग कनेक्टर.

प्रश्न : मंडळाच्या मांडवात दरवर्षी टेप गुंडाळलेले जॉइंट असतात, गेल्या साली पावसात एक भडकला. काय वापरावं? (कार्यकर्ता, कोल्हापूर)

मंडळींनो, टेप पाणी अडवत नाही, उलट आत शिरलेलं पाणी धरून ठेवते. मेन लाईनला इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या, निळा तीन पिनी सिंगल फेजला, लाल पाच पिनी थ्री फेजला, १६ किंवा ३२ अँपिअर, लोडप्रमाणे. डब्यावर आयपी ४४ (आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा) असेल तर शिंतोड्यांपुरतं ठीक, धो धो पावसात उघड्यावर राहणार असेल तर आयपी ६७ बघा. छोट्या लाईटच्या जोडाला लिव्हरवाले कनेक्टर मिळतात, अकरा मिलिमीटर वायर सोलायची, आत घालायची, लिव्हर खाली. पण ते पावसासाठी नाहीत, डबीत बंद करून उंचावर टांगा. बोर्डाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवीच.

आणि जनरेटरला जोडायला दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करतात ना, ती कुणाकडे दिसली तर तिथल्या तिथे कापा. एक टोक लागलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनेत करंट असतो. सॉकेट नेहमी सप्लायच्या बाजूला, पिना लोडच्या बाजूला.

प्रश्न : स्टार्टरला ॲल्युमिनियम केबल आहे, पावसाळा झाला की एक फेज जातो. (शेतकरी, जत)

ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पापुद्रा येतो, त्यातून करंट जात नाही, शिवाय धातू मऊ म्हणून स्क्रूखाली सरकतो, आणि पितळेशी ओल मिळाली की सडतो. बायमेटॅलिक थिंबल (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेला लग) घ्या, टोक घासून जॉइंटिंग कंपाउंड लावा आणि योग्य डायने (दाबायच्या टूलच्या साच्याने) दाबा, हातोडीने ठोकू नका. तोवर एक फेज गेला की मोटार लगेच बंद करा, नाहीतर जळेल, रिवाइंडिंगचा खर्च त्या थिंबलच्या कितीतरी पट आहे.