ग्रॅज्युएशन पार्टीत घरचे फोटो लावताना

मूळ फोटो अजिबात लावू नका. अमेरिकेतल्या जूनच्या बॅकयार्ड पार्टीत ऊन, वारा आणि सरबताचे हात, तिन्ही फोटोंचे वैरी. ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मूळ फोटो स्पष्ट असेल तर ४ बाय ६ चा ८ बाय १२ केला तरी फुटत नाही. छपाई मॅट कागदावरच. ग्लॉसीवर उन्हाची तिरीप आली की चेहराच दिसत नाही.

जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढलात तर मागचा कागद सोलला जातो. दातांचा फ्लॉस कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी सुटला नाही तर जबरदस्ती नको, पानासकट स्कॅन करा.

३६ बाय ४८ इंचांच्या तीन घड्यांच्या बोर्डावर ४ बाय ६ चे चाळीसेक फोटो मावतात. मी म्हणेन, पंचवीसच लावा. आजी-आजोबांसोबतचे फोटो डोळ्यांच्या उंचीला घ्या, विशेषतः ते भारतातून येऊ शकले नसतील तर. बोर्ड वाऱ्याने पडतो, म्हणून दोन्ही कडा टेबलाला क्लॅम्पने धरा.

सुतळीवर दहा फुटांत उभे वीस फोटो बसतात, मध्ये दोन इंच सोडून. एका चिमट्यावर फोटो गिरकी घेतो, म्हणून दोन लावा. सुतळी सैल पडली की सगळे फोटो मध्यावर घसरतात. दर पाच फुटांवर आधार द्या.

प्रत्येक फोटोखाली नातं, गाव आणि साल लिहा. ‘आत्या’ म्हणजे कोण, हे मुलीच्या मैत्रिणींनाही कळू दे.