शिबिरातल्या गोळ्या संपल्यावर काय?

दादा, तुम्ही विचारलंय की मित्रमंडळाकडे थोडे पैसे जमलेत, पेठ तालुक्यातल्या दोन पाड्यांवर मजुरी करणाऱ्या बायामाणसांसाठी मोफत आरोग्य शिबिर घ्यायचंय, नाशिकचे डॉक्टर यायला तयार आहेत, तर सुरुवात कुठून करावी. मी त्या भागात बरीच वर्षं या कामासाठी फिरतोय. शिबिर जरूर घ्या, पण सगळे पैसे त्या एका दिवसात घालवू नका.

आमच्या पहिल्या शिबिरात पन्नाशीच्या एका बाबांचं वरचं बीपी १८०च्या पुढे निघालं. महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि परत आलो. तीन महिन्यांनी ते दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत कामावर दिसले. खिशातून रबर गुंडाळलेलं पाकीट काढलं, अकरा गोळ्या शिल्लक होत्या. म्हणाले, "डोकं दुखलं की घेतो. बाकीच्या दिवशी कशाला वाया घालवायची?" चूक त्यांची नव्हती. दुखत नसलं तरी गोळी रोज घ्यायची, हे आम्ही रांग पुढे सरकवता सरकवता सांगून टाकलं होतं. संपल्यावर कुठून आणायची, हे तर सांगितलंच नव्हतं.

खरं तर ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. आदिवासी भागात साधारण २०,००० वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि ३,००० मागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. बऱ्याच उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. तिशीच्या पुढच्या माणसांचं बीपी-शुगर तपासणं त्यांच्या कामातच येतं.

मग माणूस जात का नाही? कारण सकाळची ओपीडी गाठायची म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो, वर जीपचं भाडं. गेल्यावर औषध संपलंय म्हणून परत पाठवलं, तर तो दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून शिबिराच्या तारखेआधी उपकेंद्रात जाऊन बसा. सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई, तिघांशी बोला. शिबिर त्यांच्यासोबत घ्या, शक्यतो संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर. ज्याचं बीपी किंवा शुगर जास्त निघेल त्याचं नाव त्याच दिवशी त्यांच्या रजिस्टरात चढलं पाहिजे. तुमच्या वहीत राहिलेलं नाव त्या माणसाच्या काही उपयोगाचं नाही.

पेठ-सुरगाण्याची माणसं आवणी (भाताची लावणी) आणि भातकापणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात, ती अनेकदा थेट उन्हाळ्यात घरी येतात. गावातला औषधोपचार तिथंच तुटतो. आम्ही प्रत्येकाला एक जाड कार्ड देतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. त्यावर गोळीचं नाव, ताकद, शेवटचं बीपी आणि तारीख एवढंच. ते कार्ड दाखवलं की बागेजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना पहिल्यापासून विचारावं लागत नाही. गोळी मूळ गावच्याच केंद्रातून घ्यावी असं काही बंधन नाही, हेही तोंडी सांगा. अनेकांना वाटतं, आपलं रेशनकार्ड तिकडचं, म्हणजे इथं मिळणार नाही.

लोक योजनेचं विचारतील. महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगलीच आहे, पण ती ठरावीक आजारांत, रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येते. बीपी वाढून लकवा मारू नये म्हणून रोज लागणारी गोळी तिच्यातून मिळत नाही. तरी आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड आत्ताच तयार ठेवायला लावा. पेशंट जीपमध्ये झोपलेला असताना नाशिकच्या वाटेवर सावळघाटात कागद शोधायची वेळ येऊ नये. नाशिकच्या धर्मादाय रुग्णालयांचंही माहीत असू द्या. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आहे. पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा दाखला जवळ असला की बोलणं सोपं जातं.

एक गोष्ट तुम्हाला जड जाईल. लोक सलाईन मागतील. दिवसभर उन्हात राबलेल्या बाईला बाटली लावल्यावर बरं वाटतं, हे तिच्या अनुभवाचं आहे, तिला हसू नका. पण लावूही नका. त्याऐवजी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, थकव्याचं कारण बऱ्याचदा तिथंच सापडतं.

पैशांचं म्हणाल तर मंडप आणि बॅनर वगळा. दोन चांगली बीपी मशीन घ्या, शुगरच्या पट्ट्या घ्या, आणि उरलेले पुढच्या सहा महिन्यांच्या फेऱ्यांच्या गाडीभाड्याला ठेवा. तारीख ठरवण्याआधी आशाताईंना फोन करून विचारा, पाड्यावरची माणसं यंदा बागांवर कधी निघणार. दुसरी फेरी त्याच्या आत झाली पाहिजे.