हप्ता तिचा, भरणा तुमच्या खिशातून

(पत्र थोडक्यात: वय 28, बीड जिल्हा. खासगी मायक्रोफायनान्स कंपनीत (बायांच्या गटांना छोटी कर्जं देणारी) चार वर्षं फील्ड ऑफिसर. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, रात्री साडेनऊपर्यंत रिपोर्ट. दसऱ्यानंतर गटातल्या बाया ऊसतोडीला गेल्या की हप्ते थकतात, मग ब्रँच मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतो. सात महिन्यांत 38,000 रुपये स्वतःच्या खिशातून भरले, तेही मित्रांकडून उसने घेऊन. बायकोला पत्ता नाही. पहाटे तीनला झोप मोडते. "ताई, गाडीला किक मारताना वाटतं, परत आलोच नाही तर सुटलो. नोकरी सोडू का?")

भाऊ,

नोकरीचं नंतर बोलू. आधी ती किक मारतानाची ओळ. ती तुम्ही लिहिलीत हे फार बरं केलंत. आता तीच ओळ बोलून दाखवायची आहे, आजच. 14416 लावा. टेली-मानस ही सरकारची फोनसेवा आहे, 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत, मराठीत बोलता येतं. गाडीचं वाक्य जसंच्या तसं सांगा, सौम्य करू नका. आणि 'कधी, कसं' असं काही मनात ठरायला लागलं तर एकटे राहू नका. त्याच घटकेला घरातलं कोणी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

उदासी आणि मोडलेली झोप दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं असतं. तुमचं ते कधीच उलटून गेलंय. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथल्या ओपीडीत जा. पगाराच्या पावतीवर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलेला दिसतो का बघा. ही योजना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. वर्गणीचे दिवस भरले असतील, तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. सुट्टी घ्यावी लागली तर घर उपाशी राहणार नाही.

आता कामाचं. वसुली होईना म्हणून तुम्ही स्वतःला नालायक म्हणता. मला ते अजिबात पटत नाही. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघून गेली, हे तुमच्या हातात नव्हतं. जाब मात्र तुम्हालाच द्यावा लागतो. ज्याच्यावर आपला ताबा नाही त्याचा जाब रोज द्यावा लागला की भलाभला माणूस खचतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची जी तीन लक्षणं दिली, ती तुमच्या पत्रात आहेत: अंगातलं त्राण जाणं, कामाचा वीट येणं, आपल्याला काही जमत नाही असं वाटणं.

आणि खिशातून भरल्याने हे दुखणं वाढत गेलं. कसं, ते बघा. तुम्ही भरलं की सिस्टीमला सेंटरची, म्हणजे त्या गटाची, वसुली शंभर टक्के दिसते. मॅनेजरला अडचण कळत नाही, पुढचं टार्गेट त्याच आकड्यावर बसतं, बाईला वाटतं हप्ता टळला तरी चालतं. शिवाय ऑडिटला कोणी सदस्याकडे जाऊन पासबुक ताडलं, तर खोटी नोंद म्हणून तुमच्यावरच येतं. म्हणून उद्यापासून एक रुपयाही घालायचा नाही. जेवढे आले तेवढेच लिहायचे, नोटा बाईसमोर मोजून मगच पासबुकावर सही.

कमी पडले की दुपारी बाराच्या आत मॅनेजरला मेसेज टाका, संध्याकाळच्या मीटिंगची वाट बघू नका. नुसता आकडा आणि कारण: "सर, सेंटर अमुक. 18 सदस्य, येणे 22,500. जमा 16,250. 5 सदस्य ऊसतोडीला बाहेरगावी, कमी 6,250. पुढची भेट कधी ठेवू?" हेच एका शंभरपानी वहीतही लिहा. पहिले दोन-तीन आठवडे बोलणी जास्त बसतील, हे धरून चाला. पण कमी वसुलीचं कारण लेखी पोचलेलं असलं की तो ठपका एकट्या तुमच्यावर राहत नाही.

रात्री कुणाच्या दारात जाऊन बसायला सांगितलं, तर हे माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये आणलेल्या सूक्ष्मकर्ज नियमांनुसार सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर कर्जदाराला फोन करणं जाचक वसुलीत मोडतं. घरी जाऊन वसुली करायची तर ती ठरल्या जागी लागोपाठ दोनदा न आल्यावरच. वाद न घालता विचारा, "सर, नियमात बसतं का?"

ते 38,000 कुणाकुणासाठी भरले, त्याची वेगळी यादी करा. त्यातलं काही परत येणार नाही, हे मनाशी धरूनच करा. कोणी आपणहून दिले तर सेंटरच्या कलेक्शनमध्ये मिसळू नका, हिशेब गुंततो. आणि त्या बायांमागे तगादा लावू नका, त्यांच्या गळ्याशीही तेच आलेलं असतं.

झोपेसाठी आधी चहा तोडा. प्रत्येक सेंटरला अर्धा-अर्धा कप म्हणता म्हणता दिवसाला आठ-दहा होतात. चहातलं कॅफीन पाच तासांनीही निम्मं अंगात असतं, म्हणून चारनंतर नको म्हणा. सकाळी दोन धपाटे खाऊनच निघा, डब्यातही टाका. तीनला जाग आली तर कंपनीचा ग्रुप उघडू नका.

नोकरी सोडायची का? औषधपाणी सुरू होऊन सहा आठवडे झोप लागू द्या, मग ठरवा. तोवर नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे अडकल्या असतील तर त्या लेखी मागा. सोडताना सेंटरचा हिशेब सही घेऊनच सुपूर्द करा. चार वर्षं गट सांभाळलेला माणूस पतसंस्थेला किंवा उमेदच्या (बचत गटांचं काम बघणारं सरकारी अभियान) कामाला उपयोगी पडतो, तिथे आत्तापासून चौकशी ठेवा.

बायकोला मात्र सहा आठवडे थांबवू नका. आज जेवणं झाली की वही समोर ठेवून सांगा. आकडा आधी, मग गाडीचं ते वाक्य. बाकीचं ती विचारेल तसं.